अंधेरी स्टेशनवरच्या त्या दोन ताईंचे आभार

नाताळच्या सुट्टीत सिद्धेश्वर एक्सप्रेसने सोलापूरहून मुंबई बघायला गेलो होतो. २५ तारखेला गेटवे बघून झालं, आणि माउंट मेरीला जायला चर्चगेटहून फास्ट लोकल धरली. आई बायकांच्या डब्यात. वांद्र्याला आम्ही उतरलो, पण गर्दीत आईला दारापर्यंत येताच आलं नाही. गाडी सुटली. माझ्या हातापायातलं बळच गेलं. आईकडे मोबाईल नाही.

तुम्ही दोघींनी तिला अंधेरीला हाताला धरून उतरवलंत, बाकावर बसवलंत, पाणी पाजलंत. बटव्यात घडी घालून ठेवलेल्या चिठ्ठीवरचा नंबर लावून म्हणालात, "दादा, घाबरू नका, आई आमच्याजवळ आहेत." आम्ही पोचेपर्यंत तुमच्या दोन विरार गाड्या गेल्या. घरी लेकरं वाट बघत असतील, तरी तुम्ही हलला नाहीत. आई तर तुमच्यातल्या एकीच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती.

घाईत नावंही विचारायची राहिली. आईने तुमच्यासाठी दोन सोलापुरी चादरी काढून ठेवल्यात. संक्रांतीला सोलापूरला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला या. भाकरी आणि शेंगाचटणी खाऊनच जायचं.