थ्री-नॉट-थ्रीच्या पोटातली टू-टू

महोदय,

स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून नेमबाजी) प्रकारात कांस्यपदक जिंकले, तेव्हापासून नेमबाजीवरच्या प्रत्येक लेखात ‘हा खेळ सामान्यांच्या आवाक्याबाहेरचा’ हे वाक्य ठरलेले असते. स्पर्धेची मॅच रायफल महाग आहे, हे मान्य. पण ते पदक ज्या काडतुसाने आले, ते .२२ रिमफायर हे सरावाचे सर्वांत स्वस्त काडतूस आहे. मोठ्या रायफलीत फेरफार करून तिच्यातून हेच काडतूस झाडायचे, ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. तिचा उत्तम नमुना एनसीसीच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी हाताळलेला आहे, आणि त्याची उपेक्षा पाहवत नाही म्हणून हे पत्र.

‘.२२ नंबर २ मार्क ४’ ही रायफल म्हणजे मुळात .३०३ ली-एनफिल्ड. काही प्रकारांत जुनी नळी आतून मोठी करून तिच्यात .२२ ची अस्तरनळी बसवली आहे, काहींत नळीच नवी आहे. मूळ .३०३ सारख्या सेंटरफायर काडतुसाची टोपी (पिनच्या घावाने पेटणारा भाग) बुडाच्या मधोमध असते; रिमफायरचा पेटणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. म्हणून बोल्टचे (काडतुसामागे नळी बंद करणाऱ्या दांड्याचे) डोके बदलून पिनचा घाव कडेवर पडेल अशी सोय केलेली असते. मॅगझिनमधून गोळी भरली जात नाही. ती हाताने चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत, सारायची. मॅगझिनचा रिकामा डबा फक्त झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करतो. वजन मात्र तेच, सुमारे चार किलो, आणि बोल्टची हाताळणी, दस्ता, साइटही तीच. .३०३ ची ११.३ ग्रॅमची गोळी सेकंदाला ७४० मीटरच्या आसपास वेगाने निघते, .२२ ची २.६ ग्रॅमची साधारण ३३० मीटरने. त्यामुळे धक्का नाही, दारू कमी, आणि २५ यार्डांच्या छोट्या रेंजवर काम भागते.

धक्का नसणे हाच शिकाऊ कॅडेटसाठी मोठा फायदा. खांदा दचकत नाही, डोळा मिटत नाही, त्यामुळे चाप दाबताना झालेली खरी चूक टार्गेटवर स्वच्छ दिसते. शिवाय गोळी हळू असल्याने नळीत जास्त वेळ राहते. चाप दाबल्या दाबल्या डोके वर करणाऱ्याला ही रायफल लगेच पकडते. झाडल्यावर निदान एक सेकंद साइट पाहत राहणे हे .२२ वरच नीट अंगवळणी पडते. धक्का सोसणे आणि लांब पल्ल्यावरचा वारा मात्र २५ यार्डांवर शिकता येत नाही. तशी अपेक्षाही ठेवू नये.

सर्वांत मोठे नुकसान होते ते रिकाम्या चेंबरवर चाप ओढण्याने. सेंटरफायर रायफलीत पिन हवेत जाते. रिमफायरमध्ये ती थेट चेंबरच्या कडेवर आदळते. तिथे बारीक खळगा पडतो आणि धातूची कोर आत येते. मग पुंगळी अडकते, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) घसरतो आणि नेमक्या त्याच जागी काडतुसाच्या कडेला आधार न उरल्याने मिसफायर (चाप ओढूनही गोळी न उडणे) वाढतात. दोष मात्र दारूगोळ्याला दिला जातो! ड्राय (गोळीविना) सरावासाठी प्लास्टिकचे डमी काडतूस वापरावे. ते नसेल तर झाडलेली पुंगळी घालून दर वेळी थोडी फिरवावी, म्हणजे पिन नव्या जागी पडेल. पुंगळी झाडलेलीच आहे ना, हे प्रशिक्षकाने स्वतः पाहावे. नळी टार्गेटकडेच हवी.

साफसफाई नेहमी मागून. या रायफलीचा बोल्ट बाहेर निघतो, मग रॉड पुढच्या तोंडातून खुपसायचे कारणच काय? रॉड घासून नळीच्या तोंडाची कड गेली की ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) फाकतो. बोल्टांची अदलाबदलही करू नये. ते रायफलीच्या नंबरशी जुळवलेले असतात. बोल्ट आणि चेंबर यांतले अंतर बिघडले की पिनचा घाव हलका पडतो.

मिसफायर झाल्यास नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबावे, मग बोल्ट उघडावा. आवाज नेहमीपेक्षा हलका आला आणि टार्गेटवर भोक दिसले नाही, तर पुढची गोळी मुळीच भरू नये. आधी बोल्ट काढून नळीतून आरपार दिसते का ते पाहावे. अडकलेल्या गोळीमागे दुसरी झाडली की नळी फुगते.

अमेरिकेत एआर-१५ या रायफलीत बोल्ट कॅरियर (बोल्ट वाहून नेणारा भाग) बदलून .२२ झाडण्याचे तयार किट मिळतात. तसे इथे का नाही, असे तरुण विचारतात. एआर-१५ च्या मूळ गोळीचा आणि .२२ च्या गोळीचा व्यास जवळजवळ सारखा, म्हणून ते जमते. पण त्या नळीतले आटे (गोळीला गरगर फिरवणाऱ्या खाचा) ७ ते ९ इंचांत एक फेरा घेतात, .२२ ला १६ इंचांचा फेरा मानवतो; त्यामुळे अचूकता खास .२२ नळीइतकी येत नाही, आणि मेण-शिशाची काजळी गॅसच्या भोकात साचते. आपल्याकडे तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्याच्या कलम ६ नुसार एका वर्गाचे शस्त्र परवान्याविना दुसऱ्या वर्गात बदलणे हा गुन्हा आहे. घरी किंवा गावातल्या लेथवर हा उद्योग कोणी करू नये. रायफल क्लबच्या सभासदांना टार्गेट सरावासाठी .२२ ची कायदेशीर वाट आहेच.

एनसीसी बटालियन आणि महाविद्यालयांना विनंती एवढीच: शिबिराआधी आर्मररकडून (शस्त्रांची देखभाल करणाऱ्याकडून) प्रत्येक रायफलीची पिन आणि चेंबरची कड भिंगाखाली तपासून घ्यावी. एका कॅडेटला पाच-पाच गोळ्यांचे दोन्ही ग्रुप एकाच लॉटच्या (एकाच खेपेत बनलेल्या) गोळ्यांनी झाडू द्यावेत, कारण लॉट बदलला की ग्रुपची जागा सरकते आणि पोर उगाच साइटशी खेळत बसते. पाच गोळ्या झाल्या की टार्गेट त्याच्या हातात द्यावे, चूक समजावून सांगावी आणि त्याच दिवशी दुसऱ्या पाच द्याव्यात. ५० गोळ्यांच्या एका डब्यात असे पाच कॅडेट होतात.

— एक नेमबाजी प्रशिक्षक, कोल्हापूर
(नाव व पत्ता संपादकांना कळवला आहे)