दिवाणजीकाका, तुम्ही पेन काढून घेतलंत म्हणून

आदरणीय दिवाणजीकाका,
सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानले की तुम्ही चष्मा पुसायला लागता आणि विषय बदलता. म्हणून लिहिते आहे, आणि चारचौघांत लिहिते आहे. आपल्या सोलापुरात साखर पेठेपासून अक्कलकोट रोडपर्यंत आमच्यासारखी थोडेसे माग चालवणारी घरं पुष्कळ आहेत. कर्ता माणूस गेला की तेराव्याच्या आतच त्या घरांत काय काय सुरू होतं, ते तुम्ही आयुष्यभर बघत आलात.

आमचे वडील, अप्पा, गेले तेव्हा त्यांच्या मागे बँकेचं कॅश क्रेडिट होतं, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज; त्याला कारखान्याचा गाळा तारण. सूत व्यापाऱ्यांची उधारी, महावितरणची बाकी, कामगारांचा राहिलेला पगार. दुसऱ्या बाजूला माग, गोदामातले टॉवेल आणि बाहेरगावच्या दुकानदारांकडे अडकलेली येणी. कुठलं पारडं जड, कुणालाच सांगता येत नव्हतं, पण सल्ला प्रत्येकाकडे तयार होता. मोठे काका म्हणाले, बापाचं ऋण पोरांनी फेडायचंच, राहतं घर विकावं लागलं तरी. आत्याचे यजमान म्हणाले, दोघं बहीण-भाऊ हक्कसोड लिहून द्या आणि हात झटका.

तुम्ही दोघांचंही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "बँकेच्या कागदावर जामीनदार कोण?"

दादा होता. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवताना अप्पांनी त्याची सही घेतली होती, आणि ती गोष्ट त्याच्याही डोक्यातून गेली होती. हक्कसोड लिहिल्यानं वारसा सुटतो; स्वतःच्या हातानं केलेली जामिनकी सुटत नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "तुझ्या अंगावर कर्ज आलेलंच नाही, तर तू सुटणार कशातनं? फक्त हिस्सा सोडशील, आणि निस्तरायचं सगळं आईवर ठेवशील."

हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. नंतर वकीलबाईंनीही तेच सांगितलं: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 50 प्रमाणे वारसाची जबाबदारी मृताच्या मालमत्तेतून त्याच्या हाती आलं असेल तेवढ्यापुरतीच. वडिलांचं ऋण फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य, एवढ्याच आधारावर सावकारानं कोर्टात जायची वाटही हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं बंद केली, म्हणजे त्या दुरुस्तीनंतरच्या कर्जांसाठी. मोठ्या काकांना हे अजून पटलेलं नाही. त्यांना तुम्ही एवढंच म्हणालात, "फेडू की. पण अप्पाच्या मालातनं फेडू, पोरीच्या पगारातनं नाही."

तुमच्या सल्ल्यापेक्षाही मोलाचं होतं तुम्ही आम्हाला जे करू दिलं नाहीत ते. एक व्यापारी स्टॅम्प पेपर घेऊनच भेटायला आला होता. मजकूर साधा: अप्पांची बाकी आम्हाला मान्य आहे, आम्ही ती फेडू. दादा हळवा झालेला. पेन हातात घेतलंही होतं. "थांब की बे," म्हणून तुम्ही ते त्याच्या हातातून काढून घेतलंत. बाकी अप्पांची होती. त्या सहीनं ती दादाच्या गळ्यात पडू शकली असती. त्या माणसाला तुम्ही चहा पाजलात, त्याच्या खात्याचा उतारा मागून घेतलात आणि वाटेला लावलंत. वसुलीला आलेल्या माणसाशी इतकं सभ्य वागता येतं हे मी प्रथमच पाहिलं.

दुसरं म्हणजे मागांची वीज बंद करायला लावलीत. दादा चिडला. ऑर्डर हातात होती, कामगार दारात उभे होते. तुमचं म्हणणं, वारसानं धंदा चालू ठेवला की जीएसटीची जुनी बाकी, व्याज आणि दंड त्याच्यावर येतात. धंदा बंद केला तर मालमत्तेतून निघेल तेवढंच द्यावं लागतं. 2017 च्या केंद्रीय जीएसटी कायद्यात कलम 93 मध्ये हे अगदी असंच आहे. पुढे धंदा करायचाच असेल तर स्वतःच्या नावानं, नव्या नोंदणीवर कर, आधी हा हिशेब मिटू दे, असं तुम्ही त्याला बजावलंत. कामगारांचा पगार मात्र टॉवेल विकून आलेल्या पहिल्या पैशातून दिलात.

आणि ती लाल कापडात बांधलेली वही! मराठीत लिहायचं आणि तेलुगूत मोजायचं, ओकटी, रेंडू, मूडु. तेराव्याला पाहुण्यांना दिलेले टॉवेलसुद्धा तुम्ही भाव लावून मांडलेत तेव्हा मला हसू आलं होतं. वकीलबाईंनी वही पाहिली आणि कौतुकच केलं. मृताची मालमत्ता कुठं गेली हे वारसाला दाखवता आलं नाही, तर तेवढी रक्कम त्याच्या स्वतःच्या खिशातून मागता येते. आमचं प्रत्येक बंडल त्या वहीत आहे.

विम्याचं तर आम्हाला काही ठाऊकच नव्हतं. अप्पांनी पॉलिसी घेतली तेव्हा विवाहित स्त्रियांच्या संपत्तीच्या 1874 च्या कायद्याखालचा फॉर्म भरायला तुम्ही त्यांना भाग पाडलं होतंत. तो आधीच भरावा लागतो, माणूस गेल्यावर काही करता येत नाही. अशा पॉलिसीचे पैसे अप्पांच्या मालमत्तेत धरलेच जात नाहीत, ते थेट आईचे. विड्या वळून वळून तिनं घर स्वतःच्या नावावर केलं होतं, त्यामुळे तेही या सगळ्याच्या बाहेर राहिलं. मोठे काका जे घर विकायला निघाले होते, ते अप्पांचं नव्हतंच.

बाकीचं थोडक्यात. वारसा आम्ही तिघांनी स्वीकारला. बँकेच्या संमतीनं गाळा आम्हीच विकला. लिलावाची वाट पाहिली असती तर भाव पडला असता आणि उरलेली रक्कम जामीनदार म्हणून दादाच्या मागे लागली असती. माग भंगारापेक्षा थोडे बरे गेले, त्यातून विजेची बाकी मिटली. येणी निम्मीशिम्मी वसूल झाली, तीही तुमच्या फोनांमुळे. व्यापाऱ्यांना ज्याच्या त्याच्या बाकीच्या प्रमाणात दिलं. पूर्ण कुणालाच मिळालं नाही, आणि दोघं अजून आमच्याशी बोलत नाहीत.

एक देणं मात्र आम्ही खिशातून दिलं. मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या मावशी महिन्याला थोडे पैसे अप्पांकडे ठेवायला देत. पावती नव्हती, फक्त तुमच्या जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांच्या नावापुढे आकडे होते. तुम्ही ते पान उघडून माझ्यासमोर ठेवलंत आणि द्या किंवा नका देऊ, काहीच बोलला नाहीत. दादानं आणि मी निम्मे-निम्मे घातले.

जीएसटी नोंदणी रद्द झाल्याचा आदेश आला आहे, प्रत दादा घेऊन येईल. एका सूत व्यापाऱ्याची पावती तेवढी यायची आहे. ती आली की वहीत शेवटची नोंद तुमच्याच हातची हवी. फी तुम्ही घेणार नाही हे कळलं. आईनं शेंगापोळ्या करायला घेतल्या आहेत, त्यांना नाही म्हणू नका.

तुमची,
अप्पांची धाकटी