टाकळ्याची पानं मोजायला शिकवणाऱ्या मावशींना

मावशी,

हे पत्र नातीकडून वाचून घ्या. समोर उभं राहून आभार मानायला गेलं की तुम्ही "ऱ्हाऊ दे गं" म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळता, म्हणून आता चारचौघांसमोर लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वीचा जून. पन्हाळ्याच्या उतारावर स्वतः खुडलेला टाकळा पिशवीत घेऊन मी कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईबाहेर तुमच्या रानभाज्यांच्या पाटीपाशी कुरडू घ्यायला थांबले होते. मोबाइलवरच्या फोटोशी पान ताडून बघितलं होतं, त्यामुळं अगदी खात्री होती. कौतुकानं पिशवी उघडून दाखवली. तुम्ही हात घातलात आणि काही न बोलता पोत्यावर दोन वाटे करायला लागलात, एक मोठा, एक मूठभर. मूठभर वाट्याकडं बोट करून म्हणालात, "ह्यो टाकळा न्हवं. कासविंदा हाय. पानं मोज."

मोजली. टाकळ्याच्या एका देठावर पानांच्या तीन जोड्या, शेंड्याला गोलसर, टोकाकडची जोडी सगळ्यात मोठी. कासविंद्याला चार-पाच जोड्या आणि प्रत्येक पान टोकाला निमुळतं. हातात धरून बघितलं की फरक उघडा दिसतो. फोटो बघताना मी फक्त हिरवा रंग आणि पानाचा घाट बघितला होता, जोड्या मोजल्याच नव्हत्या. मी चुरगळून वास घ्यायला लागले तर तुम्ही हात धरलात, "वासावर जाऊ नगंस, दोन्ही वास मारत्यात."

घरी जाऊन वाचलं. कासविंद्याच्या बिया विषारी. उत्तर प्रदेशच्या पश्चिम भागात लहान मुलं एका आजारानं दगावत होती. त्या आजाराचं नातं मुलांनी ह्या बिया खाण्याशी असल्याचं डॉक्टरांनी २००७ साली मांडलं होतं. माझ्या पिशवीत शेंगा नव्हत्या, नुसता पाला होता. पण जे झाड मला ओळखताच येत नव्हतं, ते मी त्या संध्याकाळी चार वर्षांच्या लेकीच्या ताटात वाढणार होते. अजून आठवलं की पोटात खड्डा पडतो.

तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. "रविवारी ये" एवढंच म्हणालात. मग किती रविवार झाले, मावशी? तुमची पाटी लागायच्या आत मी येऊन बसायची. घोळीचं पान बोटांत दाबायला लावलंत, मऊ आणि रसरशीत. तसंच जमिनीवर पसरणारं दुसरं तण मोडायला लावलंत, त्यातून पांढरा चीक आला. मी लगेच वहीत लिहिलं, 'चीक आला की टाकायचं.' तुम्ही पाथरीचं पान मोडून माझ्यासमोर धरलंत. त्यालाही चीक! आणि तीच पाथरी आपण भाकरीबरोबर कच्ची खातो. वहीतली ओळ मी खोडली. एका खुणेवर झाड ओळखायचं नाही, हे मला त्या चिकानं शिकवलं.

पाथरी, चिघळ, तांदुळजा शेतातलं तण खुरपताना, भांगलणीत निघतात हे लहानपणापासून माहीत होतं. पण आता भांगलण कमी आणि फवारणी जास्त. तुम्ही उसाचा बांध बघून आधी मालकाला विचारता, "तणाचं औषध मारलंय का?" आणि उत्तर अडखळलं तर पाटी रिकामी घेऊन परत येता. नाल्याकडेचं कितीही कोवळं दिसलं तरी तुम्ही त्याला हात लावत नाही. खरं सांगते, विषारी झाडाच्या भीतीपेक्षा ही सवय मला मोठी वाटते, कारण फवारा झाडाच्या पानावर लिहिलेला नसतो.

गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याच्या एसटीनं तुमच्या गावी आले तो दिवस. धुकं इतकं की दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. तुम्ही भारंगीपाशी नेलंत आणि म्हणालात, "हिला आधी फुलावर बघ." निळसर फुलं बघितली, करवतीच्या दात्यांसारख्या कडेचं पान बघितलं, आणि पुढच्या वर्षी कोवळा पाला आला की ओळखेन अशी खूण बसली. घरी तुमच्या सुनेनं पाला उकडून, पाणी पिळून टाकून, डाळ घालून भाजी केली. कडूपणा जेमतेम जिभेला लागेल एवढाच राहिला होता. रानअळवाचं तसं नाही, त्यात आंबट घालावंच लागतं, नाहीतर घसा धरतो. चिंच घातली तरी घास आधी तुम्ही स्वतः खाल्लात, मग मला दिलात.

त्याच वाटेवर वारुळाजवळ अळंबी उगवली होती. मी हात पुढं केला. तुम्ही पहिल्यांदाच दरडावलंत, "ती मी शिकवनार न्हाई." कारण विचारलं तर म्हणालात, "चाळीस वर्षं बघतो तरी ह्यात माझा जीव घाबरतो, उकळून तिचं विष जात न्हाई." जे पक्कं येतं तेवढंच शिकवायचं हा तुमचा हट्ट मला तुमच्या सगळ्या शिकवण्याहून मोलाचा वाटतो. मी अळंबीच्या वाटेला जात नाही.

खुडताना तुम्ही शेंडा घेता, मूळ ठेवता, आणि एका जागी दोन रोपं तरी सोडता. नवीन भाजी पहिल्यांदा थोडीच खायची, एकावेळी एकच, आणि तिचा एक शेंडा दुसऱ्या दिवसापर्यंत बाजूला ठेवायचा, काही झालं तर डॉक्टरांना दाखवायला. आमच्या फ्रीजमध्ये आता कायम एक शेंडा असतो. सासूबाई आधी कुरकुरल्या, आता त्याच आठवण करतात.

परवा लेक शाळेतून येताना रस्त्याकडेचा एक देठ घेऊन आली. सात वर्षांची आहे ती आता. पायरीवर बसून बोट ठेवून मोजत होती, एक, दोन, तीन, चार. "आई, हा आपला नाही," म्हणाली आणि तोंडात काही न घालता हात धुवायला गेली. मी तिथंच पायरीवर टेकले, मावशी, आणि मला तुमचा तो मूठभर वाटा आठवला.

आषाढी द्वादशीला उपास सोडायच्या भाजीला वाघाटीची फळं लागतील. पावशेर राखून ठेवा. लेकीलाही घेऊन येते, तिला तुमच्या शेजारी पोत्यावर बसायचं आहे.

तुमची,
कुरडूवाली गिऱ्हाईक