सुटका झाली, दाखल्याचे काय?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वीटभट्टीवरून किंवा मेंढ्यांच्या वाड्यावरून कातकरी मुलामाणसांची सुटका झाली की ते वृत्त आपण ठळक छापता, हे चांगलेच आहे. पण सुटकेनंतर हातात पडायला हव्या असलेल्या मुक्ती दाखल्याबद्दल, म्हणजे हा माणूस वेठबिगारीतून सुटला असे सांगणाऱ्या सरकारी कागदाबद्दल, फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्या इगतपुरी तालुक्यातील एका कातकरी मुलीचा मृत्यू झाला. थोडे पैसे आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात इथली लहान मुले तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील मेंढपाळांकडे राबायला नेली जात होती, हे त्यानंतर उघड झाले. गुन्हे दाखल झाले, मुले परत आणली गेली. आईबापांना शिव्या घालणारेही तेव्हा पुष्कळ भेटले. ऐन आषाढात घरातले धान्य संपलेले असते, मजुरी बंद असते. अशा वेळी दारात आलेला माणूस हातावर नोटा टेकवतो आणि ‘पोराला दोन वेळा पोटभर जेवू घालतो’ म्हणतो. शिव्या घालणाऱ्यांनी तो पाऊस एकदा पाड्यावर काढून बघावा.

वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६चा आहे. त्यानुसार सुटलेल्या मजुराच्या अंगावरची उचल, म्हणजे कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, आपोआप रद्द होते आणि नंतर ती वसूल करणे हाच गुन्हा ठरतो. केंद्राच्या २०१६च्या योजनेत पुनर्वसनासाठी पुरुषाला एक लाख, स्त्रिया व मुलांना दोन लाख आणि देहविक्रय, मानवी तस्करी अशा भीषण शोषणातून सुटलेल्यांना तीन लाख रुपये ठरले आहेत. तातडीची मदत आधी वीस हजारांपर्यंत होती, ती पुढे तीस हजारांपर्यंत वाढवली. ही तातडीची रक्कम खटल्याच्या निकालावर अवलंबून नाही. पण या सगळ्याला आधी मुक्ती दाखला लागतो, आणि नेमका तोच अडतो.

का अडतो? ‘उचल घेतली, म्हणजे राजीखुशीने गेले’ असा शेरा मारला की प्रकरण मजुरीच्या वादात जमा होते. वास्तविक उचल हाच वेठबिगारीचा पाया. मजुराकडून सक्तीने काम घेतले जात असेल तर ते उचलीपोटीच आहे असे गृहीत धरावे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ सालीच बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात सांगितले आहे. तरीही कागद मजुराकडेच मागितले जातात. वही असते मुकादमाकडे. बाजाराच्या दिवशी मिळालेली खर्ची तो त्याच्या मनाने मांडतो आणि हंगाम संपताना नवराबायको दोघे राबूनही बाकी अंगावर ती आहेच. माझे मत स्पष्ट आहे: आपल्या तालुक्यात वेठबिगार सापडला हे लेखी कबूल करायला साहेबलोकांना जड जाते.

दाखला नसला की दुसरा फेरा सुरू होतो. मालकाचा माणूस मोटारसायकलवर पाड्यावर येतो, आधी गोडीने बोलतो, मग उचलीची आठवण करून देतो. साक्षीदार फितूर होतात ते असे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता देऊन ती देशभर लागू केली. धोका असेल तर जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. तोही विहित नमुन्यात! ज्याला जबाबावर अंगठा उठवावा लागतो, त्याच्यासाठी हा अर्ज पोलीस ठाण्यानेच जबाब घेताना भरून का घेऊ नये?

बँक खाते नाही, आधार नाही, जातीचा दाखला नाही, ही कारणेही नेहमीची. सुटकेच्या पथकात पोलीस असतात, कामगार खात्याचे लोक असतात. मग आधार काढणाराही त्या दिवशी सोबत नेता येईल. मुलांचे नाव त्याच आठवड्यात आश्रमशाळेत घातले, तर पुढच्या पावसाळ्यात ते मूल पुन्हा कोणाच्या मेंढ्यांमागे जाण्याची शक्यता पुष्कळ कमी होते.

जिल्हा आणि उपविभाग स्तरावर दक्षता समित्या असाव्यात, असे कायदाच सांगतो. आमच्याकडे भट्ट्या लागतात दिवाळीनंतर, पण उचलीचे पैसे त्याच्या कितीतरी आधी पाड्यावर पोचलेले असतात. तेव्हा समितीची निदान एक बैठक श्रावण-भाद्रपदात, प्रांत कार्यालयात न घेता पाड्यावर घ्यावी, आणि मागच्या सुटकांपैकी किती जणांना दाखला मिळाला व किती जणांच्या खात्यात पैसे पडले, ते तिथेच वाचून दाखवावे.

– एक निवृत्त आश्रमशाळा शिक्षक, घोटी (जि. नाशिक)