एम.ए. मानसशास्त्रानंतर काय, हे मुलांना वेळेवर सांगा

संपादक महोदय,

मी अमळनेर तालुक्यातला कापूस पिकवणारा शेतकरी. २०१७ साली बोंडअळीने सगळं पीक नेलं, त्या वर्षी माझ्या धाकट्या भावाने जेवणखाण सोडलं. दिवसभर ओट्यावर बसून राहायचा, विचारलं तर एकच सांगायचा, "मना जीव लागत नही." आधी आम्ही त्याला भगताकडे नेलं, लिंबू उतरवलं. त्यात दोन महिने गेले, त्याचं मला आजही वाईट वाटतं. मग डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्याला झोप लागू लागली. पण तो पहिल्यांदा मोकळेपणाने रडला ते दवाखान्यातल्या एका तरुण समाजसेविकेपुढे. ती शेजारी बाकावर बसली आणि अहिराणीत म्हणाली, "काय व्हयनं भाऊ?" माझी लेक तेव्हा सोबत होती. त्याच दिवशी तिने ठरवलं, आपणही हेच काम करायचं.

तिने बी.ए. केलं, मानसशास्त्रात एम.ए. केलं. पाच वर्षांत पुढचा रस्ता तिला कोणी सांगितला नाही. एका जाहिरातीवरून तिने तीन महिन्यांचा समुपदेशन डिप्लोमा केला, फी अठ्ठावीस हजार. माझा चार क्विंटल कापूस त्यात गेला. प्रमाणपत्र घेऊन ती एका दवाखान्यात मुलाखतीला गेली, तर पहिलाच प्रश्न आला, "पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का?" ती परत आली आणि दोन दिवस बोलली नाही.

मग आम्ही बापलेकीने विचारपूस केली. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून, म्हणजे चाचण्या घेऊन आणि बोलून उपचार करायचं काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषद या केंद्र सरकारच्या संस्थेत नोंदणी लागते. त्यासाठीचा आजवरचा नेहमीचा मार्ग म्हणजे एम.ए. नंतर परिषदेने मान्य केलेल्या संस्थेत दोन वर्षांचं एम.फिल., तेही प्रत्यक्ष रुग्णांसोबत राहून, वरिष्ठांच्या देखरेखीखाली. मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे गोळ्या लिहून देणारा मनाचा डॉक्टर व्हायचं तर एम.बी.बी.एस. नंतर तीन वर्षांचं एम.डी. माझ्या भावाला बोलतं करणाऱ्या ताईंसारखं काम करायला एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, आणि त्यावर मनोविकार समाजकार्याचं एम.फिल. असा आजवरचा रस्ता आहे. नर्सिंग झालेल्या मुलींना मनोरुग्णांच्या शुश्रूषेत एम.एस्सी. करता येतं. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यात या सगळ्यांची पात्रता लिहून ठेवलेली आहे. हे आम्हाला कळलं तेव्हा पोरगी चोवीस वर्षांची होती.

आता ती रांची आणि बंगळुरूच्या संस्थांच्या प्रवेश परीक्षांचा अभ्यास करते आहे. जागा मोजक्या, अर्ज देशभरातून. जमीन विकावी लागली तरी मी तिला पाठवीन. पण गावातल्या दुसऱ्या पोरींचे बाप पाठवतील का? राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. खानदेशाच्या वाट्याला एकही आलं नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं मात्र आहेत. मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका घडवणारं मान्यताप्राप्त प्रशिक्षण तिथेच द्यायला शासनाला काय अडचण आहे? अहिराणी, पावरी, भिली बोलणारी माणसं बंगळुरूहून येणार नाहीत, ती इथेच तयार करावी लागतील.

आपल्यालाही एक विनंती आहे. बारावीच्या निकालानंतर आपल्या पुरवणीत इंजिनीअरिंग आणि वैद्यकीयच्या प्रवेशावर पानंच्या पानं येतात. त्यातला एक रकाना या रस्त्यासाठी द्या. कोणत्या पायरीला किती वर्षं, नोंदणी कुठे, आणि डिप्लोम्याचे पैसे भरण्याआधी संस्थाचालकाला काय विचारायचं, एवढं छापा. आमच्या गावात पेपर ग्रामपंचायतीच्या पारावर वाचला जातो. कात्रण मी स्वतः शाळेच्या फळ्याशेजारी लावीन.

आपला नम्र,
एक कापूस उत्पादक, ता. अमळनेर, जि. जळगाव

(भावाला त्रास होऊ नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)