लेकीचे नाव ठरवताना

अंबाजोगाई,
दि. १८ जुलै २०२४

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा मी वर्गावर होतो, त्यामुळे नीट बोलणे झाले नाही. आणि लेकीच्या नावाबद्दल तू जे विचारलेस, त्याचे उत्तर घाईत देणे मला पटले नाही, म्हणून सवडीने लिहीत आहे. लेक आणि वहिनी दोघीही सुखरूप असल्याचे ऐकून फार समाधान वाटले. आषाढी एकादशी आणि बाळाची पाचवी काल एकाच दिवशी आल्यामुळे काकूंना किती आनंद झाला असेल, याची मला कल्पना आहे.

तुमच्या घरात तीन मते आहेत. काकूंना पत्रिकेप्रमाणे नाव हवे, वहिनींना आटोपशीर आणि नव्या धाटणीचे हवे, आणि अण्णांच्या मनात त्यांच्या आईचे, जनाबाईंचे नाव आहे. माझे मत आधीच सांगतो. ज्यांच्या तोंडी ते नाव रोज असणार आहे त्यांना ते मोडतोड न करता हाक मारता आले पाहिजे, आणि उद्या लेकरू मोठे होऊन "हे नाव कुणाचे?" असे विचारू लागले, तर तुमच्याजवळ सांगण्यासारखे काही असले पाहिजे. या दोन गोष्टी साधल्या, तर बाकीच्या अडचणी सोडवता येतात.

पत्रिकेचेच पाहा. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर, असा तो हिशेब आहे. लेकीचा जन्म हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावरचा आहे असे तू म्हणालास. हस्ताची अक्षरे पू, ष, ण, ठ, म्हणजे तिच्या वाट्याला 'ण' आला. 'ण'ने सुरू होणारे नाव आपल्याकडे कुणी ठेवत नाही, म्हणून गुरुजींनी कन्या राशीतला 'प' सुचवला असणार. खुद्द पंचांग पाहणारेच जर एवढी मोकळीक घेतात, तर रासनाव पत्रिकेत लिहून ठेवावे आणि व्यवहाराचे नाव आपल्या मनाने निवडावे, ही जुनी रीत काकूंनाही मान्य व्हायला हरकत नाही. त्यांच्या श्रद्धेचा मान राहतो आणि तुमचा हातही बांधला जात नाही.

वहिनींनी मोबाइलवरच्या यादीतून निवडलेली नावे मी वाचली. ती ऐकायला गोड आहेत, हे खरे. तथापि गेली काही वर्षे माझ्या शाळेच्या हजेरीपटावर अशी नावे वाढत आहेत आणि त्यांचे पुढे काय होते ते मी रोज पाहतो. आजीला ते उच्चारता येत नाही, म्हणून ती 'चिऊ' किंवा 'छकुली' म्हणते. गल्लीत तेच चालते, आणि खरे नाव फक्त हजेरीपुरते उरते. जे नाव घरातच कुणी वापरणार नाही, ते इतक्या हौसेने कशासाठी ठेवायचे, असे मला मनापासून वाटते.

हजेरी घेताना मला आपला सगळा मुलूख डोळ्यांपुढे दिसतो. वैजनाथ परळीचा, नागनाथ औंढ्याचा, मन्मथ कपिलधारचा, गोरोबा तेरचा, एकनाथ पैठणचा आणि योगेश्वरी आमच्या अंबाजोगाईची. १९५६ च्या धर्मांतरानंतर ज्या घरांत सिद्धार्थ, मिलिंद, सुजाता, प्रज्ञा ही नावे आली, त्या घरांनी तर नाव निवडण्याचा हक्कच स्वतःच्या हाती घेतला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांची नावे गावाने तोडून-मोडून हाकारली, त्यांनी आपल्या लेकरांना कुणालाही पूर्णच उच्चारावी लागतील अशी नावे दिली. नावात एवढे बळ असते, हे मी या पोरांकडून शिकलो. उलट बाजूही आहे. मूल जगत नाही म्हणून धोंडिबा, दगडू, केरबा अशी नावे ठेवत, त्यामागे निदान ते वाचावे ही माया होती. पण मुलीवर मुलगी झाली म्हणून 'नकोशी' म्हणणे हा निव्वळ अन्याय होता. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये प्रशासनाने पुढाकार घेऊन अशा मुलींची नावे बदलली, तोवर त्यांतल्या कित्येक जणी ते नाव घेऊनच शाळेत जात होत्या.

म्हणूनच मला अण्णांची सूचना सगळ्यांत मोलाची वाटते. तुमचे घर गंगाखेडचे, आणि संत जनाबाईही गंगाखेडच्या. दुसऱ्याच्या घरी राबणारी, स्वतःला 'नामयाची दासी' म्हणवणारी ही बाई सातशे वर्षांनंतरही आपल्या अभंगांतून घरोघरी बोलते आहे. तुझ्या आजीलाही ते नाव तिथूनच मिळाले असेल. अडचण एवढीच की काकूंनी आयुष्यात कधी सासूचे नाव घेतले नाही; मग त्याच नावाने नातीला हाक मारायची कशी आणि रागवायचे कसे? यावर जुन्या घरांनी तोडगा काढलेला आहेच: नाव पूर्वजांचे ठेवायचे आणि घरात माई किंवा आक्का म्हणायचे. पण तसे केले तर मी वर म्हटलेलीच गोष्ट होईल, नाव कागदावर राहील. म्हणून मी 'जनाई' सुचवतो. आजीचे नाव त्यात आहे, तरी ते जसेच्या तसे नाही, त्यामुळे काकूंची जीभ अडणार नाही. आणि तीन अक्षरांचे असल्याने वहिनींनाही आवडावे. मात्र वहिनींना मनापासून पटले तरच ठेव. नऊ महिने ज्यांनी वाहिले, त्यांच्या मनाविरुद्ध नाव ठेवू नये.

आता कागदपत्रांचे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहिले जाते, तेव्हा चारही एकत्र मोठ्याने म्हणून पाहा. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते; ती दवाखान्याकडून परभणी महापालिकेत जाईल. बाळाचे नाव मात्र १२ महिन्यांपर्यंत शुल्काविना नोंदवता येते, त्यामुळे बुधवारच्या बारशापर्यंत एकमत झाले नाही तरी कुणी कुणावर दडपण आणू नये. इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा आणि जन्मदाखला, आधार, शाळेचे जनरल रजिस्टर या सर्वांत तेच ठेवा. दहावीचा अर्ज भरताना एका अक्षरासाठी आईबापांना हेलपाटे घालताना मी पाहिले आहे.

ताईंना नाव आधी कळव, कारण पाळण्यात बाळाच्या कानात ते सांगण्याचा मान आत्याचा, आणि त्यांच्या पाठीत धपाटे घालायला बायका टपलेल्याच असतील. मी बुधवारी सकाळच्या एस.टी.ने परभणीला येतो. घुगऱ्यांसाठी आमच्या शेतातले हरभरे घेऊन येईन, तुम्ही विकत आणू नका.

काकू-अण्णांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि बाळाला अनेक आशीर्वाद.

तुझा,
माधव