पम्या, मेटल की टिश्यू?

इचलकरंजी,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय पम्या,

माझ्या हार्टचा व्हॉल्व बदलायचाय त्यावर परवा फोनवर तू "मेटलचा घाल आणि मोकळा हो" म्हणालास आणि मी नुसतं हं हं करत बसलो, त्याचं कारण शेजारी आई होती आणि कसला बसवायचा त्याचं तिला तेव्हा काहीच सांगितलं नव्हतं. शिवाय हल्ली फोनवर चार वाक्यं सलग बोललो की दम लागतो आणि तू तिकडं घाबरतोस. म्हणून लिहायला बसलोय. लांबणारे, दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाच.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. तू सगळ्यांना "त्याच्या हार्टला ब्लॉकेज आहे" असं सांगत सुटलायस असं कळलं. ब्लॉकेज नाहीये लेका! अँजिओग्राफी एकदम क्लीन आली. प्रॉब्लेम व्हॉल्वचा आहे, हार्टमधून सगळ्या अंगाला रक्त जातं त्या दारावरचा, एऑर्टिक व्हॉल्व. त्याला तीन पाकळ्या असतात, मला जन्मापासून दोनच. शंभरात एखाद्या-दोघांना असं असतं म्हणे आणि बऱ्याच जणांना पन्नाशीपर्यंत पत्ताच लागत नाही. आपण कबड्डी खेळलो, रात्रपाळ्या केल्या, कधी काही जाणवलं नाही, आणि आत मात्र त्या दोन पाकळ्यांवर चुन्यासारखं कॅल्शियम बसत गेलं. चांगला व्हॉल्व तीन ते चार चौरस सेंटिमीटर उघडतो, एकच्या खाली आला की सीव्हिअर. माझा ०.७. टूडी इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, करणारी पोरगी बोलायची थांबली आणि परत परत तिथंच प्रोब फिरवायला लागली तेव्हाच मी काय ते समजलो.

कळलं कसं ते तुला अर्धवटच माहितीये. शेडमध्ये सुताचं पोतं उचललं, चार पावलं टाकली आणि डोळ्यापुढं अंधार. शुद्ध आली तेव्हा मी दोन मागांच्या मधल्या गल्लीत पडलेलो, माग चालूच, आणि माग दुरुस्त करणारा जॉबर तोंडावर पाणी मारतोय. डोक्याच्या वीतभर वर धोटा खटाखट इकडून तिकडं. आधी सहा महिने जिना चढताना दम लागायचा, मी म्हणायचो वजन वाढलंय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, एकदा दम, छातीत दुखणं, चक्कर हे सुरू झालं आणि मग काही न करता बसलं तर निम्मे लोक दोन वर्षांत जातात. आणि ह्यावर गोळी नाही. हे सगळ्यात जास्त वेळा मला नातेवाईकांना समजवावं लागतंय. अर्जुनसाल काय, लसणाचा काढा काय, एका पाहुण्यानं तर बाटलीच आणून ठेवली. कॅल्शियमनं गच्च झालेला दरवाजा काढ्यानं उघडत नाही. तुझ्या मावशीला फुगा घालून उघडला होता ना, तो वेगळा व्हॉल्व, मायट्रल. तिला लहानपणी घशाच्या इन्फेक्शनमधून सांधेताप झाला असणार, त्यातनं पाकळ्या चिकटतात, त्या फुग्यानं सुट्या होतात. माझ्यासारख्यात फुगा केला तर थोडे महिने बरं वाटतं आणि परत ये रे माझ्या मागल्या.

म्हणजे बदलायचा हे नक्की. कसला बसवायचा ह्यावर गेले तीन आठवडे घरात फक्त चर्चा चालूये.

छाती न उघडता मांडीच्या नसेतून बसवतात तो टावी, सगळ्यांनी यूट्यूबवर बघितलेला. भाच्यानं तर मला लिंका पाठवून पाठवून वात आणला. २००२ साली फ्रान्समध्ये पहिल्यांदा केला तो अशा पेशंटवर की ज्याचं ऑपरेशन कोणी करायलाच तयार नव्हतं. आता वय झालेल्यांना सर्रास करतात. पण मी ५४ चा, त्यात दोनच पाकळ्या, तिथं तो गोल नीट बसेलच असं नाही, आणि तोही शेवटी जनावराच्याच टिश्यूचा, म्हणजे कधीतरी झिजणारच. सर्जन म्हणाले ते पत्तं आत्ता टाकू नका, पुढच्या डावाला राखून ठेवा. आणि खर्चाचा आकडा ऐकून मी तसाही गप्प बसलो असतो, एक माग विकून भागणारं ते काम नाही.

राहिले दोन. मेटल आणि टिश्यू.

सर्जननी ड्रॉवरमधनं सॅम्पल काढून हातात दिलं. मेटल मेटल म्हणतात पण त्याच्या पाकळ्या कार्बनच्या असतात, काळ्या, गुळगुळीत, अर्ध्या चंद्रासारख्या दोन, बोटानं ढकललं की टक् करून पडतात. पण मी आधी काय बघितलं सांगू? त्याच्या भोवती कापडाची रिंग असते, तिच्यातनं टाके घालून हार्टला शिवतात. पॉलिस्टरचं निटेड कापड! मी अंगठ्यानं घासून बघत बसलो, विणीचा घट्टपणा, कडेला धागा सुटतोय का. डॉक्टर हसायला लागले, म्हणाले पहिलाच पेशंट बघितला जो कापड तपासतोय. आयुष्यभर कापड काढलं पम्या, आणि आता छातीतसुद्धा पॉलिस्टरच जाणार.

आपल्याकडचा पण एक आहे, चित्रा व्हॉल्व. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. वलियाथन यांच्या टीमनं बनवला. आधीची तीन मॉडेलं फसली, चौथं डिसेंबर १९९० मध्ये पहिल्या पेशंटला बसवलं, आता एक लाखाच्या वर लोकांच्या छातीत आहे. बाहेरच्यापेक्षा स्वस्त. एकच गोल चकती, तीसुद्धा प्लॅस्टिकची, उघडते मिटते. तीन वेळा फसून परत चौथ्यांदा बसणारा माणूस मला आवडतो, म्हणून खरं सांगायचं तर दोन दिवस मी मेटलच्याच बाजूला होतो. एकदा बसवला की बहुतेक जन्माचं काम.

पण त्याच्याबरोबर ॲसिट्रॉम येते. रक्त पातळ ठेवायची गोळी, रोज, ठरल्या वेळेला, मरेपर्यंत. रक्त किती पातळ आहे ते बघायची आयएनआर नावाची टेस्ट, आधी आठवड्याला, मग महिन्याला. तो आकडा दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा, कमी झाला तर व्हॉल्ववर गुठळी, जास्त झाला तर साधं डोकं आपटलं तरी आत रक्तस्राव. कंबर दुखली म्हणून मेडिकलमधनं आपल्या मनानं पेनकिलर घ्यायची नाही. पाल्याची भाजी बंद नाही पण आज ढीगभर मेथी आणि मग पंधरा दिवस नाही असं चालत नाही, प्रमाण सारखं पाहिजे. इथल्याच एका ओळखीच्या माणसानं दाढ काढायची म्हणून कोणाला न विचारता गोळी बंद केली, दात बरा झाला आणि गोळी राहून गेली, आठवड्यात व्हॉल्व अडकला. वाचला बिचारा, पण कसा वाचला ते त्यालाच माहिती.

आणि मला तू ओळखतोस. बीपीच्या गोळ्यांची दहाची स्ट्रिप मला सतरा दिवस पुरली, बायकोनं मोजून डॉक्टरांच्या समोर सांगितलं. माझी मान खाली. सगळ्यांना वाटतं मी मशीनवाला माणूस, मी मशीनच घेणार, पण मशीनवाल्यालाच माहीत असतं की मागाला रोज तेल घालावं लागतं, एक दिवस चुकला तर तो बोंबलतो. त्यात शेडमध्ये हाताला काही ना काही लागतंच, आठवड्यात एखादा काप ठरलेला.

तो टिकटिक आवाज येतो ना मेटलचा, रात्री शांततेत ऐकू येतो म्हणतात, त्याची मला काडीची भीती नाही. चोवीस माग ऐकत झोपणारा माणूस मी. उलट माग बंद पडले की जाग येते.

टिश्यूचा म्हणजे गाईच्या हृदयावरच्या पिशवीचा, किंवा डुकराचा. सुरुवातीचे काही महिने सोडले तर रक्त पातळ करायची भानगड साधारण नाही. पण तो झिजतो, माझ्या वयात दहा-पंधरा वर्षं धरायची, म्हणजे पासष्ट-अडुसष्टला परत. तेव्हा जुन्याच्या आत नवीन टावीनं बसवता येतो बऱ्याच वेळा, म्हणून सर्जन म्हणाले आत्ताच शक्य तेवढा मोठा साईझ बसवू, गरज पडली तर जागा थोडी रुंद करून घेऊ. हेच ते राखून ठेवलेलं पत्तं. अमेरिकन गाईडलाईनमध्येपण पन्नासच्या खाली मेटल, पासष्टच्या वर टिश्यू, आणि मधल्यांनी डॉक्टरशी बोलून ठरवायचं असं आहे म्हणे. मी बरोबर मधला. आयुष्यात सगळीकडं मधलाच राहिलो.

आईचं राहिलंच. माळकरी बाई, घरात अंडं येत नाही, तिला गाईचं कसं सांगायचं म्हणून मी आठ दिवस काढले. शेवटी काल सांगितलं. मेथी निवडत बसली होती. मेटलचं सांगितलं, गोळीचं, भाजीचं, मग दुसरा गाईचा असतो म्हंटलं आणि थांबलो. ती काड्या मोडत राहिली, वर बघितलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे त्या लोखंडाच्याला मेथी मोजून खायची?" मी हो म्हंटलं. "आणि गाईच्याला?" नाही म्हंटलं. "मग विचारतोस काय." एवढंच. नंतर बायकोनं सांगितलं की देवघरापुढं बराच वेळ बसली होती, काय बोलली देवाला ते मी विचारलं नाही.

तर सर्जनना टिश्यू सांगून आलोय. ॲडमिट होईपर्यंत बदलता येतं म्हणाले. बदलावंसं अजूनही वाटतं, विशेषतः पहाटे चारला. आत्ता हातपाय चालतायत तर एकदाच काय ते सोसावं असं वाटतं. अडुसष्टला पैसे असतील का, धंद्याचं तर बघतोयस, आत्ताच निम्मे माग भंगारात चाललेत. तू मेटल म्हणालास ते कशासाठी ते मला नीट सांग, नुसतं "एकदाच काम" नको. माझं काही चुकत असेल तर तूच बोलशील, बाकीचे सगळे आता आजारी माणसाशी बोलतात तसं गोड बोलायला लागलेत.

तारीख अजून तीन आठवड्यांवर, कारण दात. एक किडलेली दाढ निघाली, ती काढून जखम भरेपर्यंत थांबायचं, तोंडातला जंतू नव्या व्हॉल्ववर जाऊन बसतो म्हणून. तोवर वजन उचलायचं नाही, चढ चढायचा नाही, भांडायचं नाही. शेवटचं सगळ्यात अवघड. यार्नवाल्याचा फोन बायको घेते. पोरीचा इको पण करून घेतला, हे दोन पाकळ्यांचं घरात चालतं म्हणून. तीन आहेत तिच्या. तो रिपोर्ट वाचून मी गाडीत रडलो, हे कोणाला सांगू नको. धाकट्या भावाला सांगतोय कर कर, तो ऐकत नाही, तू एकदा फोन कर त्याला, तुझं ऐकतो.

आता काम. चार बॉटल रक्ताची सोय करायला सांगितलीये. तुझा बी पॉझिटिव्ह ना? डोनर कार्ड असेल तर घेऊन ये. दोघांना अजून सांग, पण तंबाखू खाऊन आले तर मी नाव विचारणार नाही. आणि त्या दिवशी तू आलास तर आत माझ्यापाशी येऊ नको, बाहेर बायकोजवळ बस. चार-पाच तास लागतात. ती एकटी असली की काही खात नाही, आणि कोणी समजूत काढायला लागलं की चिडते, तेव्हा समजूत घालू नको. तुझ्या मुलाच्या लग्नाच्या साड्यांचा विषय काढ, त्यावर ती दोन तास बोलेल.

आदल्या रात्री मुक्कामाला इकडंच ये. आईनं विचारलंय तुला मेथीचं पिठलं चालतं का अजून.

तुझा,
दोन पाकळ्यावाला